आडवं पडून पाहिलेली गाडी

नव्वदीची मधली वर्षं होती. खांदा कॉलनीत तेव्हा गाडी बघायला पुरुषांनी जायचं आणि पेढे वाटायला बायकांनी, अशी सोयीस्कर वाटणी होती. मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी हट्टाने गेले. कारण गाडी आमच्यासाठी नव्हतीच. ती आमच्या धाकटीसाठी होती.

सात वर्षांची पोर कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होती. तिला बसता येत नसे. दर पंधरवड्याला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यावं लागे, तेही भाड्याच्या जीपमध्ये फळी टाकून, तिच्यावर निजवून. एकेक खड्डा तिच्या किंचाळीने मोजायचा आणि आपण तोंड शिवून बसायचं. आता गुरुवारची खेप आली होती, आणि यांनी ठरवलं होतं की ती स्वतःच्या गाडीतून करायची. जुनी का होईना, डिझेलची इस्टेट हवी. मागे डिकीच्या जागी काचेचा दरवाजा, आणि मागची सीट पाडली की पोर गादीवर आडवी मावेल.

बेलपाड्याच्या एका कंत्राटदाराकडे तशी गाडी होती. रविवारी सकाळी तो ती घेऊन दारात आला. यांनी दहा जणांना विचारून स्वतःची तयारी केली होती. इंजिन ऐकलं, खाली वाकून ऑइल गळतंय का बघितलं, टायरवर अंगठा दाबला. लग्नाची मुलगी बघताना लोक एवढी चौकशी करत नाहीत.

"एकदम खणखणीत हाय, साहेब. कदी रस्त्यात सोडलं नाय," कंत्राटदार म्हणाला.

"चला, कर्नाळ्यापर्यंत फिरवून आणू," हे म्हणाले. आवाजावरून मला कळलं, यांचं मन बसलंय.

मी म्हटलं, "मी मागे झोपून येते."

"अगं, काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आधी प्लास्टर घाला, मग बोला."

साडी सावरत मी मागच्या दाराने आत शिरले आणि पोर निजेल तशी उताणी पडले. कंत्राटदाराने कौतुकाने काचा चढवल्या आणि एसी लावला. गोवा हायवेला लागलो. पुढे दोघांच्या ॲव्हरेजच्या गप्पा रंगल्या. गाडी खरंच मऊ चालत होती, खड्डासुद्धा जाणवत नव्हता. मला पोरीचा हसरा चेहरा दिसायला लागला होता. पण पळस्पे गेलं आणि कपाळ ठणकायला लागलं. धुराचा वास येत होता. मी दोनदा सांगितलं.

"डिझेल गाडी आहे, अत्तराचा वास येणार आहे का?" हे मान न वळवता म्हणाले.

कर्नाळ्याला उतरले तेव्हा मळमळत होतं. ही गाडी नको, असं मी म्हटलं आणि यांचा पारा चढला. "गुरुवार तोंडावर आलाय. तुझ्या नाकापायी पोरीला पुन्हा फळीवर निजवू? मला तर काही वास आला नाही!"

"तुम्ही पुढे होतात. येताना तुम्ही झोपा मागे."

रागाच्या भरात हे खरोखरच मागे जाऊन आडवे झाले. मी पुढे बसले. आणि काय सांगू, पुढे खरंच वास नव्हता. मला क्षणभर स्वतःचीच शंका आली. मागून यांचा खोकला आला, मग आणखी एकदा. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मी हाक मारली तर नुसतं "हं" आलं, तेही उशिरा.

"गाडी थांबवा!" मी ओरडलेच.

मागचं दार उघडलं. दाराच्या कडेचं रबर कुजून लोंबत होतं. त्या फटीतून सायलेन्सरचा धूर सबंध रस्ताभर आत येत होता.

"आईशपथ, मला ठाऊक नव्हतं, वहिनी," कंत्राटदार चाचरत म्हणाला. "आमी मागं सिमेंटच्या गोण्या टाकतो. गोणी काय बोलती का?"

हे रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, आता चिडतील. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला त्रास झाला नाही गं. छान झोप येत होती."

त्यांनी माझा हात धरला.

"ती मागे गप्प झाली असती," ते म्हणाले, "आणि पोर पहिल्यांदाच शांत झोपली म्हणून आपण पुढे खूश होऊन बसलो असतो."

गुरुवारी आम्ही भाड्याचीच जीप सांगितली. खाडीपुलापर्यंत पोर प्रत्येक खड्ड्याला किंचाळली. आम्ही दोघं तिच्या उशाशी बसून होतो, आणि दोन खड्ड्यांच्या मधे ती जरा गप्प झाली की हे घाबरून तिला हाक मारत होते.