फिकट अक्षरांचं कौतुक

वेबसाइट बनवणाऱ्यांची परिषद संपली आणि आम्ही सगळे चहाला बाहेर आलो. शेवटचं भाषण होतं ‘वाचणाऱ्याचा विचार करा’ यावर, आणि पडद्यावर पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं! अख्खं सभागृह मोबाइलवर फोटो काढून, बोटांनी तो मोठा करून वाचायची धडपड करत होतं.

“काय क्लीन डिझाइन होतं ना!” शेजारचा चहात बिस्किट बुडवत म्हणाला.

“वाचता आलं तुला?”

“छे! पण दिसत काय भारी होतं!”

बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. सोमवारी हीच विद्वान मंडळी कामाला लागतील आणि माझ्या वडिलांच्या फोनवर असलीच अक्षरं येऊन बसतील. वडील चष्मा पुसतील, पुन्हा पुसतील, आणि ओशाळून म्हणतील, “माझेच डोळे गेले रे आता.”