पंच्याचा हत्ती

जगातल्या प्रत्येक वस्तूत विष आहे आणि ते नेमकं कुठे दडलंय हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशा खात्रीने जगणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे, सुप्रियाचे मामा. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, त्यांनी तीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना संशय तेवढा घरी आणला. कात्रपच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नवा टॉवेल सात पाण्यांतून काढल्याशिवाय अंगाला लागत नसे. दुकानात कापड घेताना ते कडेचा दोरा उपसून तिथल्या तिथे काडीने जाळत. जळक्या कागदाचा वास आला तर सुती, चिकट गोळी झाली तर प्लॅस्टिक. तोवर दुकानदार पाण्याची बाटली शोधत असे. खिशात एक ओला पांढरा रुमाल कायम असायचा, तो ते रंगीत दिसेल त्या वस्तूवर घासून बघत. आमच्या लग्नात त्यांनी तो माझ्या फेट्यावर घासला आणि गुलाबी झालेला रुमाल सासऱ्यांना दाखवत म्हणाले, "मुलगा बरा वाटतोय. फेटा कच्चा आहे." पुढे जे घडलं त्यावरून मला वाटतं, तपासणी त्यांनी एक थर खालपर्यंत न्यायला हवी होती.

आमचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, दुसरं त्याहून लवकर. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा चिखलोलीच्या आमच्या दोन खोल्यांत कुणी मोठ्याने हसायलाही धजत नव्हतं. मामा दर रविवारी यायचे, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि तिथूनच बाळाकडे बघायचे. "घ्या ना मामा," सुप्रिया म्हणायची. "नको गं. लांबून छान दिसते." त्यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांची होऊन गेली होती, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर त्यांनी कुणाचंच मूल उचललं नव्हतं. म्हणून आग्रह कुणी दुसऱ्यांदा करत नसे.

मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर मला बापपणाचा झटका आला आणि मी स्वतःच्या हाताने ससा शिवायला घेतला. उल्हासनगरहून झुपकेदार गुलाबी कापड आणलं. दुकानदार सिंधी, गोड माणूस. "ले जाओ साईं, बच्चा छोडेगा नहीं," म्हणाला. पोटात थर्माकोलच्या गोळ्या भरल्या, डोळ्यांना माझ्या शर्टाची बटणं, गळ्यात घुंगरू. रविवारी ससा मामांसमोर ठेवला. त्यांनी चिमटीने केस ओढले, बोटांत झुपका आला. दोरा जाळला, गोळी झाली. डोळा एका हिसक्यात हातात आला. तो तळहातावर ठेवून म्हणाले, "जावईबापू, हे घशात अडकायला किती वेळ लागेल?" मी म्हणालो, एवढं काय, लोक विकत आणतातच की. ते सशाचे अवशेष पिशवीत घालून घेऊन गेले, मी तो पुन्हा शिवायला घेईन या भीतीने.

पुढच्या रविवारी त्यांनी हत्ती आणला. बाळाला पहिलं झबलं जुन्या, वापरून मऊ झालेल्या कापडाचं घालतात, त्याच हिशेबाने त्यांनी स्वतःचे दोन जुने पंचे तीनदा उकळून, कडक उन्हात वाळवून हत्ती शिवला होता. आत त्याच पंच्यांच्या चिंध्या, दुहेरी टाके, सोंड ओढून ओढून तपासलेली. रंग कुठेच नाही. लांबून तो सोललेल्या बटाट्यासारखा दिसायचा.

"याला डोळे?" मी विचारलं.

"डोळ्यांना रंग लागतो."

"मग हा बघणार कसा?"

"त्याला कुठे नोकरीला जायचंय?"

मुलीला तो फार आवडला. दिवसभर सोंड तोंडात. पण मला तो आंधळा हत्ती बघवेना. एके दिवशी ऑफिसात खोक्यांवर पत्ते लिहायचा मार्कर घरी आणला आणि त्याला दोन डोळे आणि सोंडेखाली हसरं तोंड काढून दिलं. मला वाटलं, मामा खूश होतील.

रविवारी मामा खुर्चीवर बसले, मी चहा गाळत होतो. पाठीमागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. वळलो तर मुलगी मामांच्या हातात होती. तिचे ओठ, हनुवटी, जीभ, सगळं काळंनिळं. मामांचं बोट तिच्या तोंडात होतं आणि ते रुमालाने तिची जीभ पुसत होते. "रिक्षा," एवढंच म्हणाले. सुप्रियाने माझ्याकडे नुसतं बघितलं. ते मला अजून दिसतं.

कात्रपच्या डॉक्टरांनी बॅटरीने घसा पाहिला, पोट दाबलं. शाई फार गेलेली नाही, म्हणाले, तासभर इथेच थांबा, उलटी झाली नाही तर घरी जा. सुप्रिया लाळेरं धुवायला गेली. बाकावर मी आणि मामा. मुलगी त्यांच्याच मांडीवर.

"मामा, डोळे मी काढले."

"ते कळलं. इतके तिरळे दुसरं कोण काढणार?" मग तिच्या हनुवटीवरची शाई रुमालाने टिपत म्हणाले, "आमच्याकडे कारखान्यात एक पिवळा रंग होता. वर्षभर उन्हात ठेवा, उतरायचा नाही. त्याची पूड आणून मी लेकीला लाकडाचा पोपट रंगवून दिला. चाळीतले लोक बघायला यायचे. ती दिवसभर चोखायची. त्यात शिसं होतं. डब्यावर लिहिलेलं होतं, जावईबापू, मी रोज वाचायचो. पण घरी आणल्यावर तो रंग कारखान्याचा वाटलाच नाही. पोपटाचा वाटला."

"त्याने झालं, असं डॉक्टर म्हणाले?"

"ताप म्हणाले. मी विचारलं नाही."

तास संपला. उलटी झाली नाही. सुप्रिया आली आणि मुलीला घ्यायला तिने हात पुढे केले. मामांनी द्यायला म्हणून मुलीला थोडं उचललं, मग तसंच सावकाश मांडीवर टेकवलं.

"झोपलीय ती," ते हळूच म्हणाले.

मुलगी काळ्या ओठांनी टक्क त्यांच्याकडे बघत होती. सुप्रियाने हात मागे घेतले आणि आम्ही दोघं, ती उठू नये म्हणून, आवाज न करता शेजारी बसलो.