ड्रमरचे कान

मी आवाज देणं बंद केलं होतं, तरी काचेपलीकडचा पोरगा बटन दाबतच होता.

ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी. पेशंटला बाहेरचा आवाज न येणाऱ्या केबिनमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचे आणि 'पीं' असा बारीक टोन द्यायचा. ऐकू आला की त्याने बटन दाबायचं, माझ्या मशीनवर दिवा लागतो. टोन बारीक करत न्यायचा आणि ऐकू येणं कुठे थांबतं ते टिपायचं. रायपुरात माझी सगळी नोकरी यातच गेली. दुपारनंतर हात आपोआप चालतात, आणि त्या दिवशी ते एका ठेक्यात चालत होते. या पोराने तो ठेका पकडला होता.

मी मुद्दाम थांबले. दिवा लागला. आणखी थांबले. पुन्हा लागला. मी उठून केबिनचं दार उघडलं.

"काय करून राहिला रे?"

"टेस्ट दे रहा हूँ, मॅडम."

"मी टोन देऊनच नाही राहिले, अन् तुले ऐकू येऊन राहिलं?"

तो ओशाळला. "ड्रमर हूँ मॅडम. काउंट अपने आप चलता है."

हा सुमेध. घरी मराठी, पण उत्तरं हिंदीत. इथली बहुतेक पोरं तशीच. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होता. आता परमनंट करणार होते, त्यासाठी मेडिकल, आणि मेडिकलमध्ये माझा रिपोर्ट. मिलबाहेर तो एका रॉक बँडचा ड्रमर. चौघे शाळेपासूनचे मित्र. फिल्मी गाणी वाजवत नाहीत, आपली स्वतःची वाजवतात, म्हणून लग्नाला, वाढदिवसाला त्यांना कोणी बोलावत नाही. गाणारा अंकित कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. गिटारवाला इन्शुरन्सच्या ऑफिसात. बेसवाल्याच्या घरचं सदर बाजारात कापडाचं दुकान. त्या दुकानाच्या गोदामात शटर पाडून यांची प्रॅक्टिस चालायची. आता पहिल्यांदाच बंगलोरच्या एका फेस्टिव्हलचं बोलावणं आलं होतं.

मी टेस्ट पुन्हा घेतली, टोन वेडेवाकडे देऊन. ग्राफ सरळ गेला, चार हजार हर्ट्झपाशी खाली बसला आणि पुढे परत वर आला. दोन्ही कानांत तेच. हा खड्डा सतत मोठा आवाज ऐकून पडतो. सुरुवातीला बोलणं नीट ऐकू येतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. मग गर्दीत 'स', 'फ' असली अक्षरं गळायला लागतात आणि तो समोरच्यावर चिडतो, की नीट बोल.

"कानात शिट्टी वाजते?" मी विचारलं.

"सोते वक़्त."

बाहेर त्याचे वडील, रामटेके काका, बसले होते. रेल्वेतून रिटायर झालेले. सोबत अंकितही आला होता. दोघांच्या मधली खुर्ची रिकामी. मी सुमेधला विचारून दोघांना आत घेतलं आणि ग्राफ दाखवला.

"मॅडम, हे ढोल बडवूनच झालं," काका म्हणाले. "तसं लिहूनच द्या. मी सांगून थकलो. काहून का माझं तर तो ऐकतच नाही."

"अंकल, मिल में दिनभर लोहा पिटता है," अंकित म्हणाला. "मॅडम, आप मिल का लिखिए. नौकरी जाएगी तो जाए. बंगलोर के बाद वैसे भी हम लोग फुल टाइम करेंगे."

"चांगलं आहे. तू कोचिंग केव्हा सोडतो?" मी विचारलं.

अंकित गडबडला. "मेरा तो... अभी बॅच चल रहा है. देखते हैं."

सुमेधने त्याच्याकडे पाहिलं.

मी सांगितलं की ग्राफ फक्त खड्डा दाखवतो. तो कोणत्या आवाजाने पडला हे त्यातून कळत नाही. दोघांनाही ते पटलं नाही. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ थकतो आणि आराम दिला की थोडा भरून येतो, म्हणून मी सुमेधला म्हटलं, मिलमधून सुट्टी घे, ड्रमला हात लावू नको, मग परत ये.

तो येण्याआधी मिलच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला.

"मॅडम, नॉर्मल ही है ना? लड़का अच्छा है, परमनंट करना है."

"नॉर्मल नहीं है, सर."

"थोड़ा-बहुत तो लाइन पर सबका होता है."

"मग सगळ्यांनाच पाठवा, सर," हे मी मराठीतच म्हणाले. त्यांना ते कळलं असावं, कारण फोन लगेच ठेवला.

सुमेध परत आला, या वेळी एकटाच. खड्डा थोडा भरला होता. भरला तेवढा थकवा होता. उरला तो भरणार नव्हता.

"मॅडम, नॉर्मल लिख दीजिए, एक लाइन की बात है," तो म्हणाला. "परमनंट हो गया तो पापा बँड का बोलना छोड़ देंगे. मैंने उनसे यही तय किया है."

म्हणजे नोकरी पक्की करून तो घरात बँडसाठी जागा मागत होता. मला वाईट वाटलं. मला मशीन बंद करून घरी जावंसं वाटत होतं. 'नॉर्मल' लिहून सही करणं हा त्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता होता. पण मग हाच पोरगा उद्या त्याच लाइनवर उभा राहणार, तिथून गोदामात जाऊन शटर पाडून वाजवणार. मी होतं ते लिहिलं. मोठ्या आवाजाच्या खात्यातून हलवा, कानाला संरक्षण द्या, दरवर्षी तपासा. सुमेधने कागद घेतला आणि थँक्यू न म्हणता गेला.

मिलने त्याला डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात टाकलं. तिथे आवाज कमी, पण परमनंट होणं राहून गेलं.

काही दिवसांनी तो बाकी तिघांना घेऊन आला. मी चौघांच्या कानाचं माप घेऊन प्लग बनवून दिले. गाणं ऐकू येतं, मार कमी बसतो. ते लावून ते बंगलोरला वाजवून आले. टाळ्या मिळाल्या म्हणे. पुन्हा बोलावणं आलं नाही. अंकितला कोचिंगवाल्यांनी कोटाच्या ब्रँचला पाठवलं, तो गेला. गिटारवाल्याने पुण्यात नोकरी धरली. बेसवाला दुकानात असतो. सुमेध अजून डिस्पॅचमध्येच आहे आणि रविवारी लहान पोरांना ड्रम शिकवतो. सगळ्या पोरांना प्लग लावायला लावतो.

यंदाच्या तपासणीला काका सोबत आले होते.

"मॅडम, बँड तर आपोआपच बंद पडला," ते म्हणाले. "परमनंटही गेलं. तुमच्या रिपोर्टनं काय झालं मग?"

"खड्डा वाढला नाही, काका."

"हव," ते मान हलवून म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला रिपोर्ट आपल्या बाजूने बोलायला हवा असतो. तो कोणाच्याच बाजूने बोलत नाही, त्यामुळे या कामात खूश होऊन गेलेलं माणूस मी फार पाहिलं नाही. गेलेलं ऐकू येणं परत आणता येत नाही. आहे ते सांभाळता येतं, आणि सांभाळलेलं कोणाला दिसत नाही.