मुंजाजीरावांचा वॉटरप्रूफ टीव्ही

सेलूत टीव्ही-फ्रिज-कूलरचं दुकान चालवताना एक गोष्ट कळते. माल दिवाळीला निघून जातो, किस्से मात्र पडून राहतात! त्यांना ना कंपनी परत घेते, ना कुणी एक्स्चेंजमध्ये नेतं. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की मी आणि आमचे फिटर गफूरभाई दुकानासमोर खुर्च्या टाकतो आणि एकेक किस्सा बाहेर काढतो. त्यातले निम्मेअधिक एकट्या मुंजाजीरावांचे निघतात. तेव्हा आज दुसऱ्या कुणाला हात लावत नाही.

मुंजाजीराव वालूरचे. रस्त्यांचे गुत्तेदार. आपल्या भागातले बरेच रस्ते त्यांनी केले आहेत. त्यातले काही अजून दिसतातसुद्धा!

*

वालूरला त्यांचा नवा बंगला उठला तेव्हाची गोष्ट. मुंजाजीराव आणि त्यांच्या मंडळी कुशावर्ताकाकू दोघं दुकानात आले. काकू खुर्चीवर टेकल्या. मुंजाजीराव उभ्याउभ्याच म्हणाले, "शेठ, बाथरूममधी टीव्ही बसवायचाय. पान्यानं खराब न व्हनारा."

मी दुकानदार आहे. 'कशाला?' हा शब्द मी धंद्यात वापरत नाही. पण माझं तोंड बघूनच त्यांनी खुलासा केला.

"आमच्या पाथरीच्या व्याह्यानं देवघरात एसी बसविलाय. आता तुमीच सांगा, आमी गप बसावं का?"

देवाला थंडी वाजेपर्यंत व्याही पुढे गेलाय म्हटल्यावर बाथरूमशिवाय जागा तरी कुठली उरली होती! मी कंपनीचं कॅटलॉग पुढे केलं. मुंजाजीरावांनी फोटो बघितले, पण कागदावर त्यांचा विश्वास नाही. ते स्वतः कागदावर बरेच रस्ते करतात.

"मला पानी वतून दावा."

"अहो, आपल्याकडे पीस नाही. ऑर्डर दिल्यावर येईल."

"सबमर्शिबल मोटर घेताना हौदात बुडवून दावतेत की दुकानदार! मोटर पान्यात चालती, मंग टीव्हीला काय धाड भरली?"

मी आपलं शिष्टाचार म्हणून विचारलं, "काकू, तुम्हाला कसा पाहिजे?"

"मला काय बाई, कसाबी चालतोय. निस्ती आतून कडी लागली पायजे."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पहिल्यांदा कॅटलॉगमधल्या त्या टीव्हीकडे गंभीरपणे बघितलं. काकूंची एक मालिका आहे. कितीतरी वर्षं चाललीय. तिच्यातल्या सुनेची खरी आई कोण, एवढाच प्रश्न आहे. पण काकूंनी तिचा एकही भाग शेवटपर्यंत बघितलेला नाही! उलगडा व्हायची वेळ आली की कुणीतरी बैठकीत येतं. मुंजाजीराव रिमोट उचलून बातम्या लावतात आणि "च्या टाक" म्हणतात. पुढं काय झालं ते काकूंना दुसऱ्या दिवशी शेजारीण सांगते.

"तिलाबी नीट सांगता येत न्हाई," काकू म्हणाल्या. "बाथरूममधी गेलेल्या बाईला तर कुनी च्या मागनार न्हाई ना?"

मुंजाजीराव तिकडं सगळ्यात मोठी साइज कुठली ते बोटानं शोधत होते.

*

सगळ्यात मोठी साइज त्यांना सापडली. गफूरभाई माप घ्यायला वालूरला जाऊन आले आणि डोक्याला हात लावून बसले.

"शेठ, टीव्ही दीवार से बड़ा है. बाथरूम में टीव्ही रहेगा, या आदमी रहेगा."

मी फोन करून मुंजाजीरावांना एक साइज लहान घ्या म्हणालो. ते दुखावले. व्याह्याच्या एसीच्या टनाची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

"टीव्ही बदलू नका. भिंत सरकवतो."

आणि खरंच सरकवली! गुत्तेदार माणूस. पाडणं आणि बांधणं ह्यात त्यांना कधी अडचण आली नाही, विशेषतः पाडण्यात. बाथरूम वाढली, शेजारची बेडरूम घटली. आता तिथं पलंग तिरका टाकावा लागतो आणि कपाट उघडायचं असेल तर झोपलेल्या माणसाला उठवावं लागतं. पण टीव्ही मात्र ऐसपैस बसतो.

*

टीव्ही आला तो ट्रान्सपोर्टच्या गाडीनं. ड्रायव्हरनं खोकं देवगाव फाट्यावर उतरवलं आणि हात जोडले. तिथून मुंजाजीराव, मी आणि गफूरभाई जीपमधून खोकं घेऊन निघालो. मुंजाजीराव मागं बसले होते. जावयाचं बाळ असावं तसं त्यांनी खोकं मांडीवर धरलं होतं.

वालूर जवळ आलं तशी जीप नाचायला लागली. एका खड्ड्यात तर अशी आदळली की मुंजाजीरावांचं डोकं टपाला लागलं. पण खोक्यावरचे हात सुटले नाहीत.

"कोन गाढवानं केलाय ह्यो रस्ता? धरून हानला पायजे!"

जीपचा ड्रायव्हर आरशात बघायचं टाळत होता. मी बाहेरचं सोयाबीन बघायला लागलो. शेवटी गफूरभाईंनाच राहवलं नाही.

"मालक, पिछले साल आपनेच किया ना."

मुंजाजीराव खोक्यावरची धूळ झाडत म्हणाले, "तवा टीव्ही न्हवता ना घरात."

*

बसवायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. असली शोभा रोज बघायला मिळत नाही.

बाथरूम म्हणाल तर राजेशाही! शॉवर, चकचकीत नळ, छतापर्यंत टाइल्स. आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, कारण सगळीकडे प्लास्टिकचे निळे ड्रम. वालूरला नळ कधी येईल ते नळालाच माहीत. आला की घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरून ठेवायचं. न्हायचं, धुण्याचं, पिण्याचं असं सगळं पाणी तिथंच. पिण्याच्या ड्रमात मांजरानं तोंड घालू नये म्हणून दाराला बाहेरूनही एक दणकट कडी होती.

"मालक, ये बाथरूम है के गोदाम?" गफूरभाई ड्रमावर चढून ड्रिल मारताना म्हणाले. "शॉवर में पानी आता क्या?"

"शॉवर शोपुरता हाय," मुंजाजीराव म्हणाले.

म्हणजे बघा. जिथं वरून पाण्याचा थेंब पडायची सोय नाही, अशा खोलीत त्यांनी अख्ख्या तालुक्यातला एकमेव वॉटरप्रूफ टीव्ही बसवला! गॅरंटी द्यायला मला इतकं निर्धास्त कधीच वाटलं नव्हतं.

काकू दारात उभ्या होत्या. टीव्ही भिंतीला लागला तेव्हा त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, आतून कडी लावून बघितली, काढली, परत लावली. आणि आतून आम्हाला त्यांचं हसणं ऐकू आलं. माणूस इतक्याशा गोष्टीला इतकं हसतं हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं.

*

पण नवी वस्तू घरात आली आणि पूजा नाही, असं आपल्याकडे चालत नाही. जीप असो, पिठाची गिरणी असो, हळदीकुंकू लावून नारळ फुटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. वास्तुशांतीला मुंजाजीराव गुरुजींना थेट बाथरूमच्या दाराशी घेऊन गेले.

गुरुजी मागं सरले. "इथं नारळ फोडता यायचा नाही. स्थान बघा की हो जरा!"

"मंग टीव्हीची पूजा?"

"टीव्ही बाहेर आणा."

गफूरभाई बिर्याणीच्या नाही, पण जेवणाच्या आशेनं आले होते. त्यांच्या हातात पाना आला. टीव्ही उतरवला, हॉलमध्ये पाटावर ठेवला. त्याला हार घातला, स्क्रीनच्या मधोमध कुंकवाचं बोट उमटलं. गुरुजी पळीतलं पाणी सगळ्या घरावर शिंपडत आले आणि टीव्हीपाशी थबकले. हात वर, पळी तशीच.

सबंध भावकी बघत होती. पाथरीचे व्याहीसुद्धा पुढच्या खुर्चीत होते. ह्याच क्षणासाठी मुंजाजीराव जगत होते!

"वता, गुरुजी, वता! तांब्या वता! वॉटरप्रूफ हाय!"

गुरुजींनी डोळे मिटून तांब्या ओतला. टीव्हीला काही झालं नाही. खालचा नवा गालिचा मात्र अजून वास मारतो. त्या टीव्हीला आजवर लागलेलं पाणी तेवढंच.

*

त्यानंतर मुंजाजीरावांकडे येणारा प्रत्येक माणूस आधी बाथरूममध्ये जायला लागला. मुंजाजीराव स्वतः आत न्यायचे. त्या टीव्हीचा रिमोटही वॉटरप्रूफ. ते तो ड्रमात टाकायचे, कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढायचे आणि ओल्या हातानं चॅनल बदलून दाखवायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मग चहा व्हायचा. चहाचं पाणी कुठल्या ड्रमातलं, हे कुणी विचारत नसे आणि काकू सांगत नसत.

एकदा सर्व्हिसिंगसाठी मी सकाळी गेलो. अंगणात मुंजाजीराव धोंड्यावर बसून तांब्यानं आंघोळ करत होते. उघड्यावर, पंचा नेसून, सगळ्या गल्लीसमोर.

"अहो, एवढी बाथरूम असताना?"

"काय करता शेठ," साबण चोळत ते म्हणाले, "बाथरूममधी पाव्हने बसलेत."

मी आत डोकावलो. खरंच बसले होते! ड्रमावर फळ्या टाकून, त्यावर सतरंजी अंथरून, सात-आठ माणसं मॅच बघत होती. मधोमध पाथरीचे व्याही, पाठीला लोड घेऊन. देवघरातला एसी सोडून हा माणूस आठवड्यातून तीनदा वालूरला यायला लागला होता.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. "पैलं हॉलपस्तोर च्या न्यायचा. आता लांब पडायलंय," एवढंच म्हणाल्या.

"मग तुम्ही हॉलमध्ये बघा की. तिथला जुना टीव्ही मोकळाच आहे."

"मोकळा कुठला? मदी जाहिरात लागली की समदे भाईर येतेत. ह्ये आल्या आल्या बातम्या लावतेत. आन येत्या शुक्रवारी माझ्या मालिकेचा शेवट हाय. त्या पोरीची खरी आई कोन, ते कळनार हाय."

तो टीव्ही ज्या बाईला खरा हवा होता, तिला त्यात फक्त कपबश्या मोजायला मिळाल्या. मला वाईट वाटलं, आणि मुंजाजीरावांचा रागही आला. पण मी दुकानदार. बिल भरलेल्या गिऱ्हाइकावर मला रागावता येत नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळी मुंजाजीरावांचा फोन आला. आवाज घुमत होता.

"शेठ, गफूरभाईला घेऊन या बिगी बिगी! बाथरूमचं दार जाम झालंय. त्यानं टीव्ही बसवताना ड्रिल मारलं ना, त्यानंच भिंत सरकली असंल!"

"काकू कुठायत?"

"तिला लय हाका मारल्या. गेली असंल शेजारनीकडं. आमी समदे आत अडकलोत. व्याहीबी हायेत! लय बेजार हाय!"

भिंत त्यांनी सरकवली होती, आणि नाव गफूरभाईंचं! गफूरभाई रस्ताभर बडबडत होते. अर्ध्या तासानं आम्ही वालूरला पोचलो तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं.

हॉलमध्ये टीव्ही चालू होता. समोरच्या सोफ्यावर कुशावर्ताकाकू बसल्या होत्या. पाय टीपॉयवर, मांडीवर रिमोट, शेजारी वाटीत भाजलेल्या शेंगा. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. पडद्यावर ती सून रडत होती आणि तिच्यासमोर दोन बाया उभ्या होत्या.

आतल्या बाजूनं बाथरूमच्या दारावर धडाधड थापा पडत होत्या. मागं मॅचची कॉमेंट्री. मुंजाजीराव ओरडत होते, "कोन हाय भाईर? दार ढकला!"

गफूरभाई हत्यारांची पिशवी घेऊन दाराशी गेले आणि तिथंच थांबले. मीही बघितलं. दाराला काही झालं नव्हतं. मांजरासाठीची बाहेरची कडी घातलेली होती. कडीत लाटणं अडकवलं होतं.

गफूरभाईंनी लाटण्याला हात घातला.

"गफूरभाई," मान न वळवता काकू म्हणाल्या, "बसा. थोडंच राह्यलंय."

गफूरभाई बसले. मीही बसलो. काकूंनी शेंगांची वाटी आमच्याकडे सरकवली.

"अहो काकू, पण व्याही आत आहेत..." मी हळूच म्हणालो.

काकूंनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

"असू द्या की. आत पानी हाय, टीव्ही हाय, व्याही हायेत. आनखी काय पायजे मानसाला?"