एनी फूड

"मले काय, काहीबी चालते," असं म्हणत अक्का पानावर बसायच्या. ताटात अजून काही वाढलेलंही नसायचं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. तिच्याकडे जरा नीट बघून ठेवा.

अक्का मूळच्या बोदवडच्या, जळगावात आमच्या शेजारी. आमच्या ह्यांना कळण्याची भाकरी कडक लागते, मला शेवभाजीत लसूण कमी, समोर राहणाऱ्या खालांना वांग्याच्या भरतात शेंगदाणे नकोत, हे सगळं त्यांना पाठ. स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी बसून भांड्याच्या तळाला उरलेलं खायच्या.

एकदा मी हट्टालाच पेटले. त्यांच्यापुढे गरम वरण-बट्टी, पुरणाची पोळी आणि सकाळची भाकरी असं तिन्ही ठेवलं. म्हटलं, आज सापडल्या! अक्कांनी भाकरी घेतली आणि वरणात कुस्करली. "हे वाया जाईन ना, बाई." मी कपाळाला हात लावला.

मुलाने परदेशी बोलावलं तेव्हा त्या माझ्याकडे इंग्रजी शिकायला आल्या. मी शाळेत तेच शिकवायचे. नातवाला मराठी येत नव्हती, म्हणून त्याच्यासाठी अक्कांनी काय काय घोकलं! पॅनकेक, नूडल्स, मॅश्ड पोटॅटो. अंडं हवं असेल तर उकडलेलं की तळलेलं, हेही इंग्रजीत विचारायला शिकल्या. स्वतःसाठी फक्त "एनी फूड, थँक यू."

"अहो अक्का, फूड म्हणजे नुसतं खाणं. असं म्हटलंत तर तिथली माणसं वाट्टेल ते आणून ठेवतील. पदार्थाचं नाव घ्या. राइस म्हणा, सूप म्हणा!"

"ठेवतीन ते खाईन. त्याईले कायले तरास?"

मी चिडले. त्या हसल्या आणि पुन्हा पॅनकेक घोकू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. अक्कांचं तिथे ऑपरेशन झालं होतं आणि त्या जेवतच नव्हत्या. "काकू, नर्स रोज विचारते, काय हवं. एखादी आवडीची गोष्ट पोटात गेली तर सावरेल, म्हणतात. मी घरून करून आणतो. आईला काय आवडतं?"

"फुनके आणि कढी," मी झटकन म्हटलं.

"ते मला आवडतात, काकू."

डुबुक वडे म्हटलं. ते त्याच्या वडिलांना आवडायचे. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं आणि मला एक नाव सांगता येईना.

त्याने फोन अक्कांपुढे धरला. उशीत चेहरा एवढासा झाला होता. मी जवळजवळ ओरडलेच, "अक्का, तुम्हाला माझी शपथ! एका पदार्थाचं नाव घ्या. कुठल्याही भाषेत घ्या!"

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं.

"तुमी जेवल्या का, बाई?"

तेवढ्यात नर्स आली. अक्कांनी तिच्याकडे मान वळवली आणि मी शिकवलेल्या उच्चारात म्हणाल्या, "एनी फूड, थँक यू."

त्या परत आल्या नाहीत. तेराव्याला मुलगा इथे आला, तेव्हा त्यांच्या नावाचं पान वाढायला गल्लीतल्या बायकांनी घरून एकेक पदार्थ करून आणला. मी कमी लसणाची शेवभाजी नेली होती. खालांनी बिनशेंगदाण्याचं भरीत आणलं. पान गच्च भरलं, आणि त्यात सगळं आमच्याच आवडीचं होतं.