शेंडा पूर्वेला

फळी असो, चौकट असो, की आमच्या ऑफिसातलं मोडकं स्टूल; आबा मेस्त्री ते आधी उलटसुलट करून न्याहाळायचे आणि मगच हत्यार उचलायचे. झाड उभं असताना मुळाकडचं टोक कुठलं होतं आणि शेंड्याकडचं कुठलं, हे ठरल्याशिवाय त्यांचं काम सुरूच होत नसे. उभा खांब असेल तर बुडखा खाली. आडवं लाकूड असेल तर बुडखा पश्चिमेला, शेंडा पूर्वेला. रियाधच्या अल सुलै भागातल्या आमच्या वर्कशॉपात नाना देशांचे सुतार होते, पण हे वेड एकट्या आबांचं. मी तिथे हजेरी आणि इकाम्याचे, तिथल्या राहण्याच्या परवान्यांचे, कागद सांभाळणारा पुण्याचा कारकून. लाकडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे आबांची थट्टा करण्यात मीच पुढे असे.

एकदा मी म्हटलं, "आबा, कापून, रंधून, पॉलिश मारल्यावर कसला बुडखा नि कसला शेंडा?"

"झाड मेला तरी तेका वर-खाल कळता," आबा म्हणाले. "तुमका पुणेकरांका कळना नाय, तेका झाड काय करतला?"

आबा कुडाळकडचे. चार वर्षं घरी गेले नव्हते. गावात त्यांचं नवं घर उभं राहत होतं, भिंती झाल्या होत्या आणि आढं चढवायचं बाकी होतं. त्या आढ्यासाठी फणसाचं लाकूड त्यांनी निघण्यापूर्वीच निवडून, तासून पडवीत ठेवलं होतं. आता बायकोचं पत्र आलं होतं की माघातला मुहूर्त धरला आहे, तुम्ही या. आपल्या घराचं आढं आपल्या हातानं चढवायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. दुपारच्या चहाला ते मला त्याबद्दल इतकं सांगायचे, की ते न पाहिलेलं घर माझ्याही डोळ्यांपुढे यायला लागलं.

कफील, म्हणजे आमचा अरबी मालक, तसा बरा माणूस. थंड देशात कुठेतरी त्यानं शेकोटी पाहिली होती आणि आपल्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, तशीच दगडी शेकोटी बांधून घेतली होती. तिच्यावर बसवायला परदेशातल्या कुठल्याशा पाडलेल्या गोठ्याची ओकची जुनी तुळई त्यानं मागवली होती. ती बसवली की लगेच जा, असं त्यानं आबांना सांगितलं आणि रजेच्या कागदावर सहीसुद्धा करून दिली. तिकीट मीच काढलं. कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत संपत आली होती, आणि रियाधमध्ये लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते.

आबांनी ती तुळई जीव लावून घासली. गंजलेले खिळे एकेक करून उपटले, तारेच्या ब्रशनं रेषांच्या दिशेनं मळ काढला, पण जुन्या सुताराच्या वाकसाच्या घावांच्या खुणा मात्र पुसू दिल्या नाहीत. "हो आमचोच भाऊ कोणतरी," असं म्हणून ते त्या खुणांवरून बोट फिरवायचे. भिंतीत लोखंडी सळ्या पुरल्या, तुळईच्या पाठीला तितकीच भोकं पाडली, ओबडधोबड दगडाला बसेल अशी पाठ तासली. आता उचलून सरकवायची, एवढंच उरलं होतं.

तेलाचा हात फिरवताना गाठी स्पष्ट झाल्या आणि आबा थांबले. फांदी वरच्या बाजूला झुकून वाढते, आणि सगळ्या गाठी उलट्या दिशेला झुकलेल्या होत्या. रुंद टोक म्हणजे बुडखा, असं त्यांनी धरलं होतं. ते टोक नुसतं कमी तासलेलं होतं, खरा बुडखा दुसरीकडे होता. तुळई फिरवायची तर सळ्या उपटून पुन्हा पुरायच्या, सिमेंट सुकू द्यायचं, भोकं नवी, पाठ नवी. म्हणजे चार दिवस.

मी हात जोडले. इथे कोण बघणार आहे, तुमचं विमान चुकेल, असं परोपरीनं सांगितलं. कफीलही म्हणाला, खलास, आहे तशी लाव.

आबा मान खाली घालून म्हणाले, "तिकीट चार दिस फुडे कर."

मी केलं. अजून वाटतं, नाही म्हणायला हवं होतं.

तुळई बसली, शेंडा पूर्वेला. तिच्याखाली पहिला जाळ पेटला, त्याच्या आदल्याच दिवशी युद्ध सुरू झालं होतं आणि विमानं बंद झाली होती. आबा रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. माघातला मुहूर्त गेला. युद्ध संपल्यावर भावाचं पत्र आलं. मुहूर्त मोडायचा नाही म्हणून त्यानंच आढं चढवलं होतं, कौलंही घातली होती. पत्र आनंदाचं होतं. आबांनी ते दोनदा वाचून खिशात ठेवलं.

विमानं सुरू झाल्यावर मी नव्या तिकिटाचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, आता तरी चेहरा खुलेल. त्यांनी कागद हातात घेतला, तारीख वाचली आणि हळूच म्हणाले,

"घर उभा रवला. आता थंय जातलंय तो पावणो म्हणान."