अर्थिंगला पाणी

न्हाणीघराकडे जाणाऱ्या आमच्या बोळीत भरदिवसाही अंधार असतो. तिथला बल्ब मागच्या उन्हाळ्यात टिकेना. नवा लावला की चार-सहा दिवस नीट चालायचा, मग एखाद्या दुपारी अचानक पांढराशुभ्र पेटायचा आणि जायचा. पहिल्या वेळी मी कंपनीला शिव्या दिल्या, दुसऱ्या वेळी दुकानदाराला. तिसरा बल्ब माझी आई खालून जात असताना फट् आवाज करून गेला आणि जळका वास घरभर पसरला. तेव्हा शिव्या थांबल्या आणि भीती सुरू झाली. आई ऐंशीच्या पुढची. तिला दिसतं कमी, ऐकू येतं सोयीप्रमाणे. न्हाणीघरातून परतताना ती ओल्या हातानेच बटण दाबते आणि कितीही सांगितलं तरी दाबत राहते.

इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने आधी कार्ड दिलं. त्यावर 'विद्युत सल्लागार' असं छापलेलं होतं, म्हणून की काय, तो मला स्टुलावर चढवून खालून सल्ला देत राहिला. बटण बदललं, होल्डर बदलला. वायरिंग एकदम ओके आहे, म्हणाला, आणि जाता जाता न्हाणीघराची दिशा चुकल्याची शंकाही व्यक्त केली. दोन दिवसांनी चौथा बल्ब गेला. फ्रिजचा स्टॅबिलायझर आता दिवसभर कटकट करत होता. मला झोपेतसुद्धा आईचा ओला हात दिसू लागला.

विजेबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. त्याचा उपयोग एवढाच झाला, की माणूस तिने किती प्रकारांनी मरू शकतो हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. तरीही एका सकाळी मी लाकडी पाटावर रबरी चपला घालून उभा राहिलो आणि बोर्ड उघडला. घरात येणारी तार जिवंत असते, तिला टेस्टर लावला की आतला बारीक दिवा पेटतो. परत जाणारी तार म्हणजे न्यूट्रल. तिथे तो पेटायला नको. माझा पेटला. मंद, पण पेटला. टेस्टर खराब असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो आहे तोच भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कूलर घरघरला, आणि माझ्या हातातला तो दिवा मोठा झाला. बोळीतला बल्बही त्याच क्षणी भगभगला.

न्यूट्रलच्या त्याच स्क्रूला एक हिरवी तार बांधलेली होती. ती भिंतीवरून खाली उतरून मागच्या अंगणात गेली होती, अर्थिंगच्या पाइपाकडे. म्हणजे इथे जे पेटत होतं, ते तिथेही होतं. आणि मागच्या दाराची कडी नुकतीच वाजली होती.

आमच्या जळगावात उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालतात. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाइप पुरलेला असतो. जमीन तडकली की लाइट चाळे करू लागतो, मग लोक तिथे बादली ओततात. 'अर्थिंगला पाणी पाजलं का?' असं एकमेकांना विचारतात, बैलाबद्दल विचारावं तसं. आईने हे काम तुळशीच्या जोडीला घेतलं होतं. तुळशीला तांब्या, पाइपाला बादली. आणि दोन्हीकडे अनवाणी, कारण पाणी घालताना पायात चपला ठेवणं तिला पटत नाही.

मी दारात पोचलो तेव्हा ती वाकून ओतत होती. खड्ड्याभोवती चिखल झाला होता आणि तिचे दोन्ही पाय त्यात होते. तिला ओढून काढावं असं हाताला वाटत होतं आणि हात लावू नये हे डोक्याला माहीत होतं. मी नुसताच ओरडलो. ती सावकाश वळली.

"भाऊ, वरडस कसाले?"

दोंडाईच्याकडची माझी आई मला भाऊच म्हणते. मी तिला तशीच चिखलात सोडून उलटा पळालो. तिच्याकडे पाठ करून टाकलेली ती पावलं मला अजून आठवतात. मेन खाली ओढला. परत आलो तर ती तिथेच, रिकामी बादली घेऊन, माझ्याकडे पोरगं बिघडल्यासारखं बघत उभी होती. मी तिला बाहेर घेतलं आणि पाय कसे आहेत ते विचारलं.

"पाय जरासा झिनझिन करतस. रोजच करतस, आठे पानी टाकताना. शुगर शे ना माले."

उन्हाळा लागल्यापासून, म्हणाली. मला सांगितलं नव्हतं, कारण मी मग तिचा चहा बिनसाखरेचा केला असता. मी पायरीवर बसलो.

तेवढ्यात शेजारचे नाना आमचं फाटक उघडून आले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दारावरच्या पितळी पाटीत हुद्दा नावापेक्षा मोठा आहे. अंगात बनियन असूनही आवाज ऑफिसातलाच होता.

"तुम्ही तुमचं मेन बंद केलं की माझा कूलर बंद पडतो. हे कोणत्या नियमात बसतं?"

कोणत्याच बसत नव्हतं. पण बिघाड काय आहे, ते त्यांच्या तक्रारीतून मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं. त्यांची वीज परत जात होती ती आमच्या घरातून.

दुपारी वायरमन खांबावर चढला. तिथला न्यूट्रलचा जोड जळून सुटलेला होता. आमच्या दोन घरांचे फेज वेगळे, परतीची तार मात्र एकच, आणि तीच तुटलेली. त्यामुळे दोन्ही घरांची वीज आमच्या पाइपातून जमिनीत शिरत होती. जमीन कोरडी झाली आणि नानांचा कूलर लागला की आमच्याकडचा दाब चढायचा आणि बल्ब जायचा. बादली पडली की वाट मोकळी व्हायची आणि सगळं सुरळीत चालायचं. म्हणजे पाणी टाकलं की लाइट सुधारतो, हे आईचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच ती रोज न चुकता जात होती.

जोड नवा झाला. बल्ब जायचे थांबले. पण अर्थिंग ओलं ठेवायचंच असतं, असं वायरमन आईच्या देखत बोलून गेला आणि तिने पाणी घालणं सोडावं हा वाद मी तिथेच हरलो. ती बादली दुसऱ्या कोणाला देत नाही. रबरी चपला घालायला कशीबशी तयार झाली.

दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदा पाणी घालायला गेली तेव्हा मी मेनवर हात ठेवून उभा होतो. पाय कसे आहेत म्हणून ओरडून विचारलं.

"झिनझिन करतस ना," ती म्हणाली.

मी मेन पाडला, धावत जाऊन पाइपाला टेस्टर लावला, मग पुन्हा मेन चढवून लावला. दोन्ही वेळा टेस्टरमध्ये अंधार. डॉक्टरांनी नंतर तपासून सांगितलं, की साखरेने पायांच्या नसा खरोखरच गेल्या आहेत, मुंग्या आता येतच राहतील.

म्हणजे तिच्या पायांना विचारून मला काहीच कळणार नाही. पुन्हा कधी खांबावर जोड सुटला, तर ती झिणझिण साखरेचीच समजून त्याच जागी उभी राहील. म्हणून ती नळाखाली बादली लावते तेव्हा मी आधी जाऊन पाइपाला टेस्टर लावून येतो. तो विझलेला असला, तरी तिची बादली रिकामी होईपर्यंत मी मेनजवळून हलत नाही.